खिडकी न उघडता फोटोंचं काम: इमेजमॅजिक आणि गिंप आज्ञांनी कसे चालवायचे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातला स्टुडिओ घ्या, डीटीपी सेंटर घ्या, फ्लेक्सचं दुकान घ्या, नाहीतर शाळेचं ऑफिस. समोर येणारं फोटोंचं काम बहुतेक एकाच जातीचं असतं. गॅदरिंगचे चारशे फोटो लहान करून कोपऱ्यात शाळेचा लोगो टाकायचा. दीडशे मुलांचे फोटो ओळखपत्राच्या मापात कापायचे. दोनशे प्रमाणपत्रांवर नावं बदलायची, तीही कन्नड आणि मराठी अशा दोन लिप्यांत. माउसने एका फोटोला दोन मिनिटं धरली तरी चारशे फोटोंना तेरा तासांहून जास्त होतात. शिवाय शंभराव्या फोटोनंतर हात चुकू लागतो. कुठे लोगो थोडा वर जातो, कुठे दर्जा ऐंशीऐवजी साठ राहतो, कुठे मूळ फोटोवरच सेव्ह होतं.

अशा कामासाठी चित्रसंपादनाचा प्रोग्रॅम खिडकी न उघडता, नुसत्या लिहिलेल्या आज्ञांवर चालवता येतो. आज्ञा एकदा नीट लिहून फाइलमध्ये ठेवली की ती स्क्रिप्ट झाली. पुढच्या वर्षी फोल्डरचं नाव बदलायचं आणि तीच चालवायची. वेळ वाचतो हा फायदा आहेच, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे चारशेही फोटोंना अगदी एकसारखी वागणूक मिळते.

दोन फुकट प्रोग्रॅम इथे कामाला येतात. इमेजमॅजिक जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये ड्युपाँट कंपनीत असताना लिहायला घेतला आणि १९९० मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. तो मुळातच आज्ञांवर चालण्यासाठी बनला आहे. गिंपची सुरुवात १९९५ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी केली. तो फोटोशॉपसारखा थर, ब्रश, निवड असलेला पूर्ण संपादक आहे, पण त्याच्या पोटात स्क्रिप्ट-फू नावाची भाषा आहे आणि तिच्यामार्फत तो बाहेरूनही हाकता येतो. आमचा सल्ला सरळ आहे. लहान करणं, कापणं, लोगो, मापं, फॉरमॅट बदलणं यांसाठी इमेजमॅजिक. हाताने मांडलेल्या डिझाइनमध्ये फक्त मजकूर बदलायचा असेल तर गिंप. याच्या उलट करायला गेलात तर दोन्हीकडे डोकेदुखी.

वाचण्याआधी एक सूचना. या लेखातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने लिहायच्या, इमेजमॅजिकच्या सगळ्या छोट्या अक्षरांत. आकडेही इंग्रजी. दोन मापांमधल्या × च्या जागी छोटा एक्स, आणि समोरची आडवी रेघ म्हणजे साधा हायफन.

पहिली आज्ञा, आणि मूळ फोटो वाचवणं

इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीत सगळ्या आज्ञा ‘मॅजिक’ या शब्दाने सुरू होतात. सहाव्या आवृत्तीत तिथे ‘कन्व्हर्ट’ असायचं, आणि नेटवरचे जुने धडे अजून तेच शिकवतात. विंडोजवर ‘कन्व्हर्ट’ टाइप केलं तर बऱ्याचदा चालतो तो विंडोजचाच, हार्ड डिस्कचा फॅट फॉरमॅट एनटीएफएसमध्ये बदलणारा प्रोग्रॅम. तो फोटोच्या नावावरून काहीतरी अगम्य तक्रार करतो आणि माणसाला वाटतं इमेजमॅजिकच बिघडलं. विंडोजवर कायम ‘मॅजिक’ लिहा. उबंटू २४.०४ या लिनक्सच्या भांडारात मात्र अजून सहावी आवृत्ती आहे, तिथे ‘कन्व्हर्ट’च चालेल.

एका फोटोसाठी आज्ञा अशी:

मॅजिक मूळ.जेपीजी -ऑटो-ओरिएंट -रिसाइज "१६००×१६००>" -स्ट्रिप -क्वालिटी ८५ छोटा.जेपीजी

डावीकडून उजवीकडे वाचा, कारण प्रोग्रॅमही तसाच वाचतो. आधी फोटो उघडला, मग सरळ केला, मग लहान केला, मग त्याच्यासोबतची जादा माहिती काढली, शेवटी ८५ दर्जाने नव्या नावाने ठेवला. हा क्रम महत्त्वाचा आहे. मोबाइल उभा धरून काढलेला फोटो फाइलमध्ये अनेकदा आडवाच साठवलेला असतो, आणि ‘दाखवताना फिरवा’ अशी सूचना एक्झिफ नावाच्या, फोटोसोबतच्या जादा माहितीत लिहिलेली असते. ‘ऑटो-ओरिएंट’ विसरून नुसतं ‘स्ट्रिप’ केलंत तर ती सूचनाच पुसली जाते आणि मुलं आडवी झोपलेली दिसतात. ‘ऑटो-ओरिएंट’ त्या सूचनेप्रमाणे पिक्सेल खरोखर फिरवतं, म्हणून ते आधी.

‘स्ट्रिप’चा आणखी एक फटका असतो. ते रंगांचं प्रोफाइल, म्हणजे रंगाचे आकडे कसे वाचायचे ते सांगणारी नोंदही काढून टाकतं. कॅमेरा अॅडोबी आरजीबीवर ठेवून लग्न काढलं असेल, तर स्ट्रिप केल्यावर शालूचा लाल रंग फिका पडतो. अशा फोटोंना आधी ‘-प्रोफाइल’सोबत एसआरजीबीची (पडद्यांवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीची) आयसीसी प्रोफाइल-फाइल देऊन त्या रंगांत आणा, मग स्ट्रिप करा. छपाईसाठी सीएमवायके (चार शाईंचे रंग) हवं असेल तेव्हाही हाच मार्ग: एसआरजीबीचं प्रोफाइल, मग छपाईवाल्याने दिलेलं सीएमवायके प्रोफाइल. ‘-कलरस्पेस सीएमवायके’ या शॉर्टकटने नुसतं गणित होतं, शाई आणि कागद यांचा विचार होत नाही.

मापाच्या शेवटी लावलेल्या चिन्हांचे अर्थ वेगळे आहेत. नुसतं १६००×१६०० म्हणजे त्या चौकटीत मावेल असं करा, प्रमाण राखून. शेवटी > लावलं तर मोठे फोटो लहान करा, पण लहान फोटो ताणू नका. ^ लावलं तर चौकट पूर्ण भरेल इतकं मोठं ठेवा, थोडं बाहेर गेलं तरी चालेल. उद्गारचिन्ह लावलं तर प्रमाण मोडून ताणून बसवा. हे शेवटचं माणसांच्या फोटोवर कधीच वापरू नये. विद्यार्थी जाडे दिसतात आणि पालक भांडायला येतात.

ही चिन्हं अवतरणात का? कारण > या चिन्हाचा टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीच्या, भाषेत वेगळा अर्थ आहे: ‘जे काही येईल ते या फाइलमध्ये टाक’. अवतरण विसरलात तर हे चिन्ह मापातून गळून पडतं, लहान फोटोही ताणले जातात आणि वर ‘-स्ट्रिप’ अशा विचित्र नावाची फाइल तयार होते. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहावं लागतं. लिनक्सच्या बॅशमध्ये गोल कंसापुढे उलटी तिरकी रेघ लागते, विंडोजच्या सीएमडीत लागत नाही. नेटवरून उचललेली आज्ञा न चालण्याची कारणं बहुतेक वेळा इतकीच असतात.

आता पूर्ण फोल्डर. त्यासाठी ‘मॅजिक मॉग्रिफाय’ आहे, आणि या विषयातली सगळ्यात धोक्याची आज्ञाही हीच. ती मूळ फाइलवरच लिहिते. चारशे मूळ फोटो एका एंटरमध्ये १६०० पिक्सेलचे झाले तर अल्बमची १२ बाय ३६ इंची शीट कशातून काढणार? त्या शीटला ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० पिक्सेल) १०,८०० पिक्सेल रुंदी लागते. म्हणून ‘-पाथ’ द्यायचंच:

मॅजिक मॉग्रिफाय -पाथ छोटे -ऑटो-ओरिएंट -रिसाइज "१६००×१६००>" -क्वालिटी ८५ *.जेपीजी

‘छोटे’ हा फोल्डर आधी हाताने करून ठेवा. तो स्वतः तयार करत नाही, नुसती चूक दाखवतो. त्याहून बरं म्हणजे कार्डावरचे मूळ फोटो एका फोल्डरमध्ये टाकून त्याला ‘फक्त वाचण्यासाठी’ करून ठेवणं.

अर्जाचा फोटो: केबीची मारामारी

झेरॉक्स सेंटरवर रोजचं काम म्हणजे ऑनलाइन अर्जाचे फोटो. बँक भरतीचा साचा बहुतेकांना पाठ आहे: फोटो २०० × २३० पिक्सेल, २० ते ५० केबी, सही १४० × ६० पिक्सेल, १० ते २० केबी. दर्जा कमीजास्त करत केबी जुळवण्यात बराच वेळ जातो. इमेजमॅजिकला सरळ मर्यादाच सांगता येते:

मॅजिक फोटो.जेपीजी -ऑटो-ओरिएंट -रिसाइज "२००×२३०^" -ग्रॅव्हिटी नॉर्थ -एक्स्टेंट २००×२३० -स्ट्रिप -डिफाइन जेपेग:एक्स्टेंट=४८केबी अर्ज.जेपीजी

या मर्यादेत बसेल असा जास्तीत जास्त दर्जा तो स्वतः शोधतो. पन्नासऐवजी अठ्ठेचाळीस लिहिण्याचं कारण, काही संकेतस्थळं १ केबी म्हणजे १००० बाइट धरतात, काही १०२४. खालची मर्यादा लोक विसरतात. दोनशे पिक्सेलचा फोटो ८५ दर्जाने ठेवला तर तो १०-१२ केबीचाच होऊ शकतो आणि अर्ज ‘फाइल फार लहान’ म्हणून परत येतो. वरच्या पद्धतीत दर्जा आपोआप वर जातो, त्यामुळे ही अडचणही बहुधा मिटते. मोठ्या फोटोला आधी पिक्सेलमध्ये लहान न करता थेट ५० केबीत कोंबलं तर मात्र चेहऱ्यावर चौकोन उमटतात.

‘ग्रॅव्हिटी नॉर्थ’ म्हणजे वरची बाजू धरून खालून कापा. ‘सेंटर’ ठेवलं तर उभ्या फोटोत डोकं कापलं जाण्याची भीती असते. तरी चेहरा कुठे आहे ते प्रोग्रॅमला कळत नाही. दूरून काढलेला फोटो आधी हातानेच कापावा.

याच धर्तीवर पासपोर्ट फोटोची शीट. ३५ × ४५ मिलिमीटर म्हणजे ३०० डीपीआयवर ४१३ × ५३१ पिक्सेल. ४ × ६ इंची कागद आडवा धरला तर १८०० × १२०० पिक्सेल. प्रत्येक फोटोभोवती १० पिक्सेल पांढरी कड दिली तर एक फोटो ४३३ × ५५१ होतो. चार फोटोंची ओळ १७३२ रुंद, दोन ओळी ११०२ उंच, म्हणजे आठ फोटो आरामात बसतात:

मॅजिक पासपोर्ट.जेपीजी -बॉर्डरकलर व्हाइट -बॉर्डर १० -डुप्लिकेट ३ +अपेंड -डुप्लिकेट १ -अपेंड -बॅकग्राउंड व्हाइट -ग्रॅव्हिटी सेंटर -एक्स्टेंट १८००×१२०० -युनिट्स पिक्सेल्सपरइंच -डेन्सिटी ३०० शीट.जेपीजी

अधिकचं चिन्ह असलेलं ‘अपेंड’ फोटो शेजारी शेजारी ठेवतं, उणेवालं एकाखाली एक. शेवटची डेन्सिटी लिहिली नाही तरी पिक्सेल तेवढेच राहतात. पण छपाईचा प्रोग्रॅम स्वतःच्या मनाने माप धरतो आणि फोटो ३५ मिलिमीटरचा येत नाही. प्रिंट काढताना ‘कागदाला बसवा’ हा पर्याय बंद हवा, तो चालू असेल तर हे सगळं गणित वाया.

दोन लिप्यांचा मजकूर

सीमाभागात काम करणाऱ्याला खरी अडचण इथे येते, आणि इंग्रजी धड्यांत तिचा पत्ताही नसतो. चित्रावर अक्षरं लिहायला इमेजमॅजिकमध्ये ‘-अॅनोटेट’ आहे. इंग्रजीला ते उत्तम. त्यात ‘निपाणी’ लिहिलं तर काही संगणकांवर पहिली वेलांटी न च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. ‘प्राथमिक’मधला र पाय मोडून वेगळा पडतो. कन्नडमध्ये ‘चिक्कोडी’ लिहिताना दुसरा क पहिल्याच्या खाली ओत्तक्षर म्हणून यायला हवा, तो शेजारी उभा राहतो.

यात फॉन्टचा दोष नाही. युनिकोडमध्ये अक्षरं बोलण्याच्या क्रमाने साठवतात: आधी न, मग वेलांटी. दाखवताना वेलांटी डावीकडे नेणं, जोडाक्षर घडवणं, ओत्तक्षर खाली बसवणं हे काम वेगळ्या भागाचं असतं. इमेजमॅजिक बांधताना तो भाग जोडलेला असेल तरच अक्षरं नीट येतात. पाहायला ‘मॅजिक -व्हर्शन’ लिहा. खाली डेलिगेट्सच्या, म्हणजे जोडलेल्या बाहेरच्या भागांच्या, यादीत ‘राक्म’ आणि ‘पँगोकैरो’ ही नावं शोधा. राक्म असेल तर अॅनोटेट बरोबर चालेल. पँगोकैरो असेल तर त्याहून चांगला मार्ग खुला आहे: ‘पँगो:’ या उपसर्गाने मजकुराचं वेगळं चित्र तयार करायचं आणि ते फोटोवर ‘-कॉम्पोझिट’ने बसवायचं.

पँगोचा दुसरा फायदा म्हणजे फॉन्ट आपोआप बदलणं. ‘नोटो सॅन्स देवनागरी’त कन्नड अक्षरं नाहीत आणि ‘नोटो सॅन्स कन्नड’मध्ये देवनागरी नाही. अॅनोटेटला एक फॉन्ट दिला की दुसऱ्या लिपीच्या जागी रिकामे चौकोन येतात. पँगो मात्र अक्षर न सापडल्यास संगणकावरचा दुसरा फॉन्ट शोधतो. तरी नशिबावर न सोडता प्रत्येक ओळीला फॉन्ट स्पष्ट सांगावा. पँगोत ‘आणि’साठीचं अँपरसँड चिन्ह नुसतं चालत नाही, ते वेबपेजसारखं सांकेतिक रूपात लिहावं लागतं. ‘अमुक अँड सन्स’ नावाच्या दुकानाचा बोर्ड नेमका तिथे अडतो. अक्षराचं माप पॉइंटमध्ये असतं आणि ते डेन्सिटीवर अवलंबून असतं. ४८ पॉइंट म्हणजे ३०० डीपीआयवर २०० पिक्सेल.

मजकूर आज्ञेच्या ओळीत लिहू नका, फाइलमध्ये ठेवा. विंडोजच्या सीएमडी खिडकीत देवनागरी टाइप करणं म्हणजे प्रश्नचिन्हांना आमंत्रण. ती फाइल यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची नेहमीची पद्धत) हवी. एक्सेलमधून सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा पर्याय निवडावा लागतो. साधं सीएसव्ही निवडलं तर कन्नड आणि मराठी दोन्ही जातात. यूटीएफ-८ निवडल्यावरही दोन अदृश्य पाहुणे येतात. फाइलच्या अगदी सुरुवातीला बॉम नावाचं न दिसणारं चिन्ह असतं, त्यामुळे पहिल्याच नावापुढे चौकोन दिसू शकतो. आणि ती फाइल लिनक्सवर नेली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा चिन्ह उरतं, ते शेवटच्या रकान्याला चिकटतं. पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या आज्ञा-खिडकीतलं ‘इम्पोर्ट-सीएसव्ही’ एन्कोडिंग (इथे यूटीएफ-८) सांगून वापरलं तर दोन्ही कटकटी टळतात.

जुन्या डीटीपी फाइलींबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. श्रीलिपी, कृतीदेव, जुनं नुडी किंवा बरह यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दिसतो मराठी-कन्नड, पण आतून इंग्रजी चिन्हांचा असतो. तो स्क्रिप्टला दिला तर कागदावर इंग्रजी कचरा छापला जाईल. आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग माणसाने वाचून तपासा. बदलणाऱ्या साधनांची रफारात आणि ओत्तक्षरात हमखास चूक होते.

बोर्डाच्या मापाचंही स्क्रिप्टमध्ये भागतं. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानांच्या नामफलकावर किमान ६० टक्के कन्नड हवं. १० × ४ फुटांचा बोर्ड ७२ डीपीआयवर ८६४० × ३४५६ पिक्सेलचा होतो. त्यातले वरचे २०७४ पिक्सेल कन्नडसाठी राखले की खाली मराठी आणि इंग्रजीला १३८२ उरतात. हे आकडे स्क्रिप्टच्या डोक्यावर एकदाच लिहावेत, प्रत्येक बोर्डाला नव्याने मोजू नयेत.

प्रमाणपत्रं: इथे गिंप

प्रमाणपत्राची नक्षी, शिक्का, सह्या हे सगळं डिझाइन करणाऱ्याने डोळ्यांनी पाहूनच मांडायचं असतं. ते गिंपमध्ये मांडा, नावासाठी दोन मजकूर-थर ठेवा, थरांना ‘नाव-मराठी’, ‘नाव-कन्नड’ अशी नावं द्या आणि एक्ससीएफ या गिंपच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये साठवा. गिंपचे मजकूर-थर पँगोवरच चालतात, त्यामुळे जोडाक्षरं बरोबर येतात. स्क्रिप्टने फक्त नाव बदलायचं.

खिडकीशिवाय गिंप चालवायला विंडोजवर ‘गिंप-कन्सोल’ नावाची फाइल आहे. गिंपच्या २.१० आवृत्तीत ती ‘गिंप २’ फोल्डरच्या ‘बिन’मध्ये सापडते. आज्ञेचा सांगाडा असा:

गिंप-कन्सोल -आय -बी "(प्रमाणपत्र)" -बी "(गिंप-क्विट ०)"

‘-आय’ म्हणजे खिडकी नको. प्रत्येक ‘-बी’नंतर एक स्क्रिप्ट-फूची आज्ञा. शेवटचं ‘क्विट’ विसरलात तर काम संपूनही गिंप तसाच बसून राहतो. फॉन्ट न वाचता लवकर सुरू होण्यासाठी ‘-एफ’ असतं, पण मजकुराच्या कामात ते चुकूनही लावू नका.

‘प्रमाणपत्र’ हे आपण लिहिलेल्या फंक्शनचं नाव. ते एका एससीएम फाइलमध्ये लिहून गिंपच्या वैयक्तिक ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमध्ये ठेवायचं. नावांची यादीही त्याच फाइलमध्ये ठेवावी. एक्सेलमध्ये एका सूत्राने प्रत्येक ओळीला कंस आणि अवतरणं लावून घ्यायची आणि चिकटवायची. नावं फाइलमध्ये असली की आज्ञेच्या ओळीतल्या अवतरणांचा आणि एन्कोडिंगचा गोंधळ राहतच नाही.

आत काय घडतं ते क्रमाने असं. ‘गिंप-फाइल-लोड’ने साचा एकदाच उघडायचा. प्रत्येक नावासाठी ‘गिंप-इमेज-डुप्लिकेट’ने त्याची प्रत करायची, कारण पुढे थर एकत्र केले की मजकूर-थर उरत नाही. प्रतीतून ‘गिंप-इमेज-गेट-लेयर-बाय-नेम’ने थर शोधायचा. ‘गिंप-टेक्स्ट-लेयर-सेट-टेक्स्ट’ने नाव घालायचं. मग ‘गिंप-ड्रॉएबल-विड्थ’ने थराची नवी रुंदी विचारायची आणि ‘गिंप-लेयर-सेट-ऑफसेट्स’ने तो मधोमध आणायचा. ए४ आडवा कागद ३०० डीपीआयवर ३५०८ पिक्सेल रुंद असतो. नाव १४०० पिक्सेलचं झालं तर डावीकडून (३५०८ − १४००) ÷ २, म्हणजे १०५४ वर ठेवायचं. रुंदी ठरलेल्या जागेपेक्षा जास्त निघाली तर अक्षराचं माप त्या प्रमाणात कमी करायचं. नावातली अक्षरं मोजून माप ठरवू नका. संगणक काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतो, त्यामुळे तो आकडा रुंदीबद्दल काही सांगत नाही. हे मोजणं जमण्यासाठी मजकुराची चौकट ‘डायनॅमिक’, म्हणजे मजकुराप्रमाणे वाढणारी, हवी. ठरावीक मापाची चौकट असेल तर लांब नाव कडेला कापलं जातं आणि स्क्रिप्ट काहीच तक्रार करत नाही. शेवटी ‘गिंप-इमेज-फ्लॅटन’, सेव्ह, आणि ‘गिंप-इमेज-डिलीट’. हे डिलीट विसरलात तर दोनशे ए४ चित्रं मेमरीत साठत जातात आणि संगणक रांगायला लागतो.

अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. स्क्रिप्ट-फूमध्ये गिंपच्या आज्ञा उत्तर सुटं देत नाहीत, यादीत घालून देतात. म्हणून जवळपास प्रत्येक ठिकाणी पुढे ‘कार’ लिहून यादीतली पहिली वस्तू काढावी लागते. ते विसरलं की चूक भलत्याच ओळीची दाखवली जाते. विंडोजचा पत्ता लिहिताना उलटी तिरकी रेघ चालत नाही, सरळ तिरकी रेघ वापरा. थराच्या नावात एक जागा जास्त पडली असली तरी थर सापडत नाही, उत्तर उणे एक येतं आणि पुढची आज्ञा कोसळते. दुसऱ्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल तर गिंप खिडकीशिवाय काहीच न बोलता दुसरा फॉन्ट लावतो, हे सगळ्यात वाईट. मजकूर-थरावर ब्रश फिरवू नये, तो तिरका करू नये, आणि एका थरात दोन रंग वा दोन फॉन्ट ठेवू नयेत. नाव बदललं की ती सजावट जाते.

नेटवरची बहुतेक गिंप स्क्रिप्ट २.१० साठी लिहिलेली आहेत. मार्च २०२५ मध्ये ३.० आली आणि बऱ्याच आज्ञांची रूपं बदलली. रुंदी विचारणाऱ्या आज्ञांच्या नावात ‘गेट’ आलं, फाइल उघडताना नाव दोनदाऐवजी एकदाच द्यायचं झालं, ‘अॅक्टिव्ह लेयर’च्या जागी ‘सिलेक्टेड लेयर्स’ आले, पायथॉन २ गेलं. हंगामाच्या तोंडावर आवृत्ती बदलू नका. चालू असलेली स्क्रिप्ट जूनमध्ये शाळा उघडताना मोडली तर दुरुस्त करायला वेळ मिळत नाही.

मोठा फ्लेक्स आणि ‘मर्यादा ओलांडली’

२० × १० फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयवर १७,२८० × ८६४० पिक्सेलचा, म्हणजे सुमारे १५ कोटी पिक्सेल. सीएमवायकेच्या चार वाहिन्या आणि इमेजमॅजिकच्या आतल्या मोजणीत प्रत्येकी ४ बाइट धरले तर फक्त एका प्रतीला जवळपास २.४ जीबी मेमरी लागते. डेबियन-उबंटूवर शिवाय ‘पॉलिसी’ नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये रुंदी-उंचीची मर्यादा १६,००० पिक्सेल ठेवलेली असते. त्यामुळे हा फ्लेक्स उघडतच नाही. क्षेत्रफळाची मर्यादा ओलांडली आणि डिस्कची मर्यादा पुरत असेल तर चूक न येता काम डिस्कवर जातं आणि अर्धा-पाऊण तास दिवा लुकलुकत राहतो. सध्याच्या मर्यादा ‘आयडेंटिफाय -लिस्ट रिसोर्स’ लिहिलं की दिसतात.

या मर्यादा उगाच नाहीत. २०१६ मध्ये इमेजमॅजिकमध्ये मोठी सुरक्षा-त्रुटी सापडली होती. मुद्दाम बनवलेल्या चित्रातून संगणकावर आज्ञा चालवता येत होत्या. त्याच पॉलिसी फाइलमध्ये पीडीएफ उघडायलाही बंदी असते, तिच्यामागेही अशीच कारणं आहेत. म्हणून पॉलिसी फाइल पूर्ण काढून टाकू नका, फक्त रुंदी, उंची, क्षेत्रफळ, मेमरी आणि डिस्कचे आकडे वाढवा. आणि ज्या संगणकावर गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्ह लागतात, तिथे पीडीएफची बंदी उठवण्याआधी विचार करा. खरं तर चौकातल्या, दुरून बघायच्या फ्लेक्सला ३६ डीपीआयही पुरतात. ८६४० × ४३२० मध्ये वरचे बरेच प्रश्न सुटतात.

चालवण्याआधी आणि लाइट गेल्यावर

पूर्ण फोल्डरवर हात टाकण्याआधी पाचच फोटो घ्या, पण वेचून. एक आडवा, एक मोबाइलवरचा उभा, एक अगदी लहान, एक व्हॉट्सअॅपवरून आलेला, एक नावात मोकळी जागा असलेला. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून आलेल्या चित्रात एक्झिफ नसतं आणि पिक्सेलही कमी झालेले असतात. छपाईसाठी तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. आयफोनचे एचईआयसी फोटो उघडतात का तेही याच वेळी बघा. प्रमाणपत्रांसाठी सगळ्यात लांब नाव, जोडाक्षरांनी भरलेलं नाव आणि कन्नड ओत्तक्षराचं नाव, एवढी तीन आधी छापून पाहा.

फाइलींची नावं मराठीत किंवा मुलाच्या नावाने ठेवण्याचा मोह होतो. त्यापेक्षा हजेरीपटाचा क्रमांक वापरावा: ००१, ००२. पुढे शून्य असलं की यादी क्रमाने लागते आणि नावातली मोकळी जागा, स्वल्पविराम, एन्कोडिंग काहीच आड येत नाही. एकाच नावाची दोन मुलं असतील तर दुसऱ्याचं प्रमाणपत्र पहिल्यावर लिहिलं जाण्याची भीतीही राहत नाही.

मध्येच लाइट गेली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये म्हणून लूपमध्ये एक अट घाला: तयार फाइल आधीच असेल तर पुढे जा. पण लाइट गेली त्या क्षणी लिहिली जाणारी शेवटची फाइल अर्धवट असते आणि ही अट तिलाही ‘तयार’ समजते. म्हणून आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये लिहून, काम यशस्वी झाल्यावरच खऱ्या फोल्डरमध्ये हलवावं. तात्पुरता फोल्डर त्याच ड्राइव्हवर ठेवा. पेनड्राइव्हवर हलवणं म्हणजे पुन्हा पूर्ण कॉपी करणं, आणि ती कॉपीही अर्ध्यात तुटू शकते.